वय वंदना कार्ड आणि निवृत्तांची जुनी वैद्यकीय सोय: दोन्ही ठेवता येतात का?

खडकी, देहूरोडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, बँकांतले, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांतले, अशा सत्तरी ओलांडलेल्या अनेक पुणेकरांना हा प्रश्न पडतो. नोकरीमुळे मिळालेली वैद्यकीय सोय असताना सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं का? उत्तर तुम्ही कुठून निवृत्त झालात त्यावर आहे.

पात्रता

आधारवर वयाची ७० वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. उत्पन्नाची अट नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार मोफत मिळतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मात्र ही रक्कम कुटुंबाची आहे, त्यामुळे आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून.

जुन्या योजनेचं काय?

बँकेची गट विमा पॉलिसी, स्वतःचा मेडिक्लेम किंवा ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) असेल तर खुशाल कार्ड काढा, जुनं काही सोडावं लागत नाही. ईएसआयमधून वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांनी (विमाधारक म्हणून किमान ५ वर्षं झालेली हवीत) वर्षाला १२० रुपये भरून स्वतःची आणि जोडीदाराची सोय चालू ठेवावी. ती बंद पडू देऊ नका. बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयाचा आधार त्यामुळे टिकतो.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना ईसीएचएस असेल तर मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. इथे घाई नको, असं मी कळकळीने सांगेन. वय वंदनामध्ये ओपीडी बसत नाही. बीपी, शुगरच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फेरी यांचा खर्च महिन्यागणिक येतो आणि तो सीजीएचएस, ईसीएचएस उचलतात. पाच लाखांचा आकडा पाहून ते सोडणं बहुतेकांना महागच पडेल.

कागदपत्रं आणि अर्ज

कागद एकच, आधार. अर्ज आयुष्मान ॲपवर किंवा योजनेच्या संकेतस्थळावर होतो, योजनेतल्या रुग्णालयातही करून मिळतो. शुल्क नाही. अडतं ते ओटीपीपाशी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीचा बंद झालेला असतो, किंवा तो मुलाचा असतो आणि मुलगा परगावी. आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायचा पर्याय आहे. जन्मतारीख चुकली असेल तर तीही आधारवरच दुरुस्त करावी लागते. शंका असल्यास १४५५५ वर फोन करा.

दाखल होताना

कार्ड आणि विमा पॉलिसी दोन्ही जवळ असले तरी एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तुमचा उपचार तिथे योजनेखाली होतो का, हे दाखल व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) विचारा. होत असेल तर वय वंदना वापरा आणि मेडिक्लेमची रक्कम पुढच्या दुखण्यासाठी शिल्लक ठेवा. नसेल तर थेट विमा खिडकीवर जाऊन कॅशलेसची मंजुरी मागा. घरातल्या एखाद्या तरुणाला कार्ड, पॉलिसी आणि आधार कुठे ठेवलंय ते आजच दाखवून ठेवा, कारण आणीबाणीत काउंटरवर उभं राहायचं काम त्यालाच करावं लागणार आहे.