ऋण सोडताना शरीरात काय घडतं

रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना एक ओळ येते : 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लहानपणापासून ती मी तोंडपाठ म्हणत आलो. तिथे 'ऋण' का आलं, हा प्रश्न मात्र फार उशिरा पडला. पाप म्हणता आलं असतं, अपराध म्हणता आलं असतं. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरातही शब्द कर्जाचाच आहे, आणि येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा. 'सोड'च्या जागी ग्रीकात जे क्रियापद आहे, ते दोनच अध्याय आधी भेटतं. गालील समुद्राच्या काठी पेत्र आणि अंद्रिया हातातली जाळी 'सोडून' येशूमागे जातात, तिथे. मराठी भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी 'सोडणे' ठेवलं, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

तेव्हा क्षमा म्हणजे वसुली थांबवणं. त्यात घडलेलं विसरण्याची अट नाही आणि आतून लगेच बरं वाटण्याचीही नाही. मानसशास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून क्षमेचा पद्धतशीर अभ्यास करत आहेत, आणि त्यांना जे सापडलं ते या जुन्या शब्दाच्या बरंच जवळ जातं.

आधी वसुली चालू असते तेव्हाचं पाहू. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या होप कॉलेजात शार्लट विटव्हलीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 71 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खऱ्या आयुष्यात आपल्याला दुखावलेला एक माणूस निवडायचा. मग त्यांच्या भुवया आक्रसणाऱ्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावले, त्वचेवरचा घाम मोजायची सोय केली, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब नोंदवायला सुरुवात केली. सूचना चार प्रकारच्या होत्या. ती घटना पुन्हा मनात आणा. आकस धरून बसा. त्या माणसाच्या जागी जाऊन पाहा. त्याला क्षमा केली अशी कल्पना करा. पहिल्या दोन सूचनांच्या वेळी भुवईचा स्नायू ताणला गेला, घाम वाढला, ठोके आणि रक्तदाब चढले. शेवटच्या दोन सूचनांच्या वेळी हा ताण कितीतरी कमी होता. सगळा खेळ काही सेकंदांच्या कल्पनेचा होता, आणि दुखावणारा माणूस खोलीत नव्हताच.

आपल्याकडे हे रोज घडतं. भावाने बांध कोरलेला असतो. तो भाऊ आता मुंबईला, आपल्या कामात. इकडे दुसरा भाऊ ताटावर बसलाय, घास हातात आहे आणि मनात भांडण चालू आहे. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, पुढच्या वेळी काय ऐकवीन. समोर कोणी नाही हे त्याच्या शरीराला कळत नाही. मेंदूला धोक्याची वर्दी मिळाली की अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात. ही यंत्रणा मुळात थोड्या वेळासाठी, लढायला किंवा पळायला. आठवण तिला हवी तितक्या वेळा चालू करते.

याची किंमत रक्तवाहिन्या मोजतात. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या दाइची शिम्बो यांच्या गटाने 2024 मध्ये 280 निरोगी प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना आपल्याला राग आणणारा प्रसंग 8 मिनिटं आठवायला सांगितला, काहींना चिंतेचा, काहींना दुःखाचा; उरलेल्यांनी नुसते आकडे मोजायचे. राग आठवणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंदावण्याची क्षमता मंदावली, आणि हा परिणाम 40 मिनिटांपर्यंत टिकला. दुःखाने किंवा चिंतेने तसा ठळक बदल दिसला नाही. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या यातून सावरतात. पण दिवसातून चार वेळा, वीस वर्षं, त्याच बांधावरून हे होत राहिलं तर? हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या 1623 रुग्णांच्या 1995 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता.

मग राग बाहेर काढून टाकावा का? उशीला चार बुक्के घाल, मोकळा हो, असा सल्ला आपण सर्रास देतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर त्याची परीक्षा घेतली. आधी त्यांच्या निबंधावर अपमानास्पद शेरा मारून त्यांना चिडवलं. मग काहींनी टीकाकाराला डोळ्यांपुढे आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम करतोय असं मनात धरून मारले, आणि काही नुसते बसून राहिले. टीकाकाराला डोळ्यांपुढे आणणारे सर्वांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. पुढे 2024 मध्ये 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच आलं. शरीराची धग उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, राग कमी करतात. धग वाढवणारे उपाय रागासाठी निरुपयोगी.

सूड गोड का वाटतो, याचंही उत्तर मिळालंय. झुरिकच्या संशोधकांनी 2004 मध्ये विश्वासघात करणाऱ्याला दंड ठोठावणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा भाग त्यांच्यात सक्रिय दिसला. ती गोडी अपेक्षेतली आहे. शिक्षा करून झाल्यावर लोकांना वाटलं होतं तितकं बरं वाटत नाही. उलट ज्यांना शिक्षा करायची संधीच मिळाली नाही ते लवकर विसरतात, असं 2008 च्या एका प्रयोगात दिसलं. शिक्षा करणारा त्या माणसाचाच विचार करत राहतो. वसुलीला गेलेला सावकार त्या घराच्या दारातच अडकतो.

येशूच्या निर्दय चाकराच्या दाखल्यात आकडे आहेत, आणि ते प्रवचनात फार भरभर वाचले जातात. राजाने चाकराला माफ केलेलं कर्ज 10,000 तलांत. एक तलांत म्हणजे साधारण 6000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. वर्षाला 300 दिवस काम धरलं, तर हे कर्ज फेडायला 2 लाख वर्षं लागतील. याच चाकराने बाहेर पडून ज्याची नरडी धरली, त्या सोबत्याचं देणं 100 दिनार. ते क्षुल्लक नव्हतं. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर कुणाच्याही पोटात कालवतं. तुझं नुकसान झालंच नाही, असं दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही. अभ्यासक याला अन्यायाची दरी म्हणतात : जे व्हायला हवं होतं आणि जे झालं, त्यांतलं अंतर. ही दरी जितकी रुंद, तितकी क्षमा अवघड. समोरच्याने मनापासून माफी मागितली, भरपाई दिली किंवा त्याला शिक्षा झाली, की ती अरुंद होते.

आणि काहीच झालं नाही तर? हा प्रश्न एव्हरेट वर्थिंग्टन यांच्यावर येऊन आदळला. ते व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, श्रद्धाळू ख्रिस्ती, क्षमेवर आधीपासून काम करणारे. 1996 च्या नववर्षाच्या रात्री टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे त्यांच्या वृद्ध आईच्या घरात चोर शिरला आणि त्याने तिला ठार मारलं. भावंडं एकत्र बसली असताना, तो माणूस आणि बेसबॉलची बॅट माझ्या हाती द्या, असं आपल्याला वाटलं, हे वर्थिंग्टन यांनी स्वतः सांगितलंय. नंतर त्यांनी ती रात्र चोराच्या बाजूने डोळ्यांपुढे आणली. अंधारं घर, कोणी नाही असा समज, अचानक समोर आलेली बाई, त्याची घबराट. आणि मग त्यांना स्वतःच्या हातातली मनातली बॅट दिसली. या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

वर्थिंग्टन यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा हा, की क्षमा दोन थरांची असते. एक निर्णयाची : मी सूड घेणार नाही, या माणसाशी माणसासारखा वागेन. हा निर्णय एका क्षणात घेता येतो. दुसरी भावनेची : आतली कटुता विरघळून तिच्या जागी करुणा यावी. ही हुकूम देऊन येत नाही, आणि निर्णय घेतला तरी मागोमाग येतेच असं नाही. कितीतरी भाविक माणसं इथे स्वतःला खातात. क्षमा केली असं देवापुढे म्हटलं, तरी तो माणूस दिसला की छातीत कळ येते, मग माझी प्रार्थना खोटी होती का? खोटी नव्हती. पहिला थर झाला, दुसरा व्हायचाय.

पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स गावी हे उघड दिसलं. 2 ऑक्टोबर 2006 रोजी एका बंदूकधाऱ्याने आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच गेल्या. काही तासांतच आमिश माणसं त्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या दारी सांत्वनाला पोचली होती; पुढे त्याच्या दफनालाही गेली. जगाला वाटलं, यांना राग येतच नाही. राग होता. निर्णय झाला होता इतकंच, आणि तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागत होता. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला लागूनच ऋण सोडण्याची ओळ का आहे, हे मला तिथे उमगलं.

दुसरा थर शिकवता येतो का, यासाठी वर्थिंग्टन यांनी पाच पायऱ्यांची पद्धत बसवली. दुखणं न टाळता, पण न फुगवताही आठवायचं. दुखावणाऱ्याच्या मनात शिरून पाहायचं. आपल्यालाही कधी माफी मिळाली होती हे आठवून ती भेट म्हणून द्यायची. निर्णय लिहून ठेवायचा. आणि शंका आली की त्याला धरून राहायचं. ही पद्धत त्यांनी एकट्याने सोडवायच्या एका वहीत मांडली. साधारण तीन तासांची ही वही कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, इंडोनेशिया आणि हाँगकाँग इथल्या 4598 लोकांना देऊन पाहिली. 2024 मध्ये निष्कर्ष आले : वही लगेच मिळालेल्यांमध्ये, ती उशिरा मिळणाऱ्यांच्या मानाने, आकस कमी झाला, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणंही उतरली.

इथे एक धोक्याची खूण लावलीच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. ज्यांचे जोडीदार चटकन माफ करत, त्यांची आक्रमक वागणूक तशीच राहिली. कमी माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांची कमी होत गेली. मार खाणाऱ्या बाईला 'माफ कर आणि नांद' असं सांगणारे पाळक आणि नातलग फार मोठं नुकसान करतात. क्षमा घराबाहेर पडून, पोलिसांत तक्रार देऊनही करता येते. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारिपदातल्या कुष्ठरोग्यांची सेवा सोडली नाही. क्षमा वेगळी आणि कायद्याची शिक्षा वेगळी, हेही त्यांनी स्पष्ट ठेवलं. खटला चालला, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली.

इंदूरजवळची गोष्ट त्याआधीची. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. उदयनगर भागात भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसने इंदूरला निघाल्या असताना एका तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टर. 2002 च्या रक्षाबंधनाच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. मधे सात वर्षं गेली होती. त्यांची आईही पुढे त्याला भेटली, आणि तिने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. कुटुंबाने आणि राणी मारियांच्या धर्मभगिनी संघाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. 2006 मध्ये तो बाहेर आला आणि नंतर केरळला त्यांच्या घरी गेला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं, तेव्हा त्या गर्दीत तोही होता.