लिथियमची गोळी आणि घामातलं मीठ

धारवाडला १८४५ साली मनोरुग्णालय सुरू झालं. त्यानंतर शंभर वर्षं खानापूर-निपाणीकडचा उन्मादाचा रुग्ण, म्हणजे रात्र रात्र न झोपणारा, अखंड बोलणारा, हाती येईल तो पैसा उधळणारा माणूस, तिथवर पोचला तरी त्याच्या आजारावर नेमकं औषध नव्हतंच. जगातच नव्हतं.

ते सापडलं ऑस्ट्रेलियात, तेही आडवाटेनं. जॉन केड या मनोविकारतज्ज्ञांना युरिक आम्ल तपासायचं होतं. त्याचा लिथियम क्षार पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून त्यांनी तो गिनीपिगना टोचला. प्राणी निपचित पडले. (ती बहुधा विषबाधाच असावी!) मग केड यांनी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि १९४८ मध्ये पाच वर्षं उन्मादात असलेल्या एका रुग्णाला दिलं. तो सुधारून घरी गेला. औषध सुटलं, आजार उलटला. पुन्हा औषध सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तातलं प्रमाण मोजायचा रिवाज तेव्हा नव्हता.

आज सगळी भिस्त त्या मोजणीवरच आहे. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठीक, १.५ च्या वर धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं: रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊ देऊ नका. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपारिनच घातलेलं असतं, मग रिपोर्ट उगाच फुगतो.

मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी घटलं की ते सोडियम धरून ठेवतं, त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. म्हणून मे महिन्यात अथणीच्या रानात दिवसभर घाम गाळणं, जुलाब, निर्जळी उपवास हे सगळं या गोळीवर महागात पडतं. अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनही नको, पॅरासिटामॉल चालते. बीपी निघाला की ‘मीठ बंद’ म्हणणाऱ्या आणि लघवी वाढवणारी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना लिथियमचं आधीच सांगावं.

बोटांची बारीक थरथर चालून जाते. हात ठळक कापणं, उलट्या-जुलाब, जड जीभ, झोकांड्या दिसल्या तर मात्र प्रमाण चढलंय. घरच्यांना वाटतं पिऊन आलाय, आणि ते त्याला झोपू देतात. तसं करू नये. पुढची गोळी न देता, गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यावं.