शांततेचा भाव कसा लावायचा?

घाटकोपर किंवा कुर्ल्यातल्या गच्चीवरून मुंबईत उतरणाऱ्या विमानाची चाकंसुद्धा दिसतात. फोनवर बोलणारा माणूस वाक्य मधेच सोडतो, विमान गेलं की पुढचं बोलतो. त्रास खराच आहे, पण शांतता काही दुकानात मिळत नाही. मग तिचा भाव ठरवायचा कसा? अर्थशास्त्रज्ञ पाऊणशे वर्षं या प्रश्नाशी झगडताहेत.

१९४७ मध्ये हॅरॉल्ड होटेलिंग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्र लिहून एक वाट सुचवली: उद्यान पाहायला लोक किती प्रवासखर्च सोसतात, त्यावरून त्याचं मोल काढा. पण जिथे कुणी जातच नाही त्या किनाऱ्याचं काय? २४ मार्च १९८९ ला एक्झॉन व्हॅल्डीझ हे जहाज अलास्कात खडकावर आदळलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. देशभरच्या कुटुंबांना विचारलं गेलं: असं पुन्हा घडू नये म्हणून किती पैसे द्याल? उत्तरांवरून नुकसान निघालं २८० कोटी डॉलर. मोठा वाद झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये कडक अटी घालून ही पद्धत ग्राह्य धरली. मला मात्र तिची एक गोष्ट कायम खटकते. ज्याचा खिसा रिकामा, तो आकडाही लहानच सांगणार. म्हणून काय त्याला त्रास कमी होतो?

रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये उत्पन्न आणि सुख यांचं नातं तपासलं. त्यानंतर ‘आयुष्यात किती समाधानी आहात?’ हा साधा प्रश्न अर्थशास्त्रात हळूहळू रुजला, आणि पैसे न विचारता भाव काढायची वेगळी वाट सापडली.

त्याचं उत्तम उदाहरण ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचं. एरवी गोंगाटाच्या भागातली घरं किती स्वस्त आहेत, त्यावरून आवाजाचा भाव काढता येतो. पण तिथे घरांची टंचाई आणि भाड्यांवर सरकारी नियंत्रण, त्यामुळे गोंगाट घरांच्या किमतीत पुरता उतरत नाही. बर्नार्ड व्हान प्राग आणि बार्बरा बार्स्मा यांनी २००५ मध्ये आसपासच्या रहिवाशांच्या समाधानाची सांगड त्यांच्या घरावरच्या आवाजाशी आणि उत्पन्नाशी घातली. आवाजाने समाधान जेवढं घटतं, तेवढं भरून यायला उत्पन्न किती वाढायला हवं? तोच आवाजाचा भाव. ‘शांततेसाठी किती द्याल’ हे विचारायची गरजच उरली नाही.

२००९ मध्ये सायमन ल्युखिंगर यांनी जर्मनीतल्या वीजकेंद्रांकडे पाहिलं. धुरातला गंधक काढणारी यंत्रं बसली, तेव्हा वारा धूर जिकडे नेतो तिकडे राहणाऱ्यांची हवा सुधारली, उलट बाजूच्यांची तेवढी नाही. दोघांच्या समाधानातल्या फरकावरून त्यांनी स्वच्छ हवेचा भाव काढला. वारा कुणाची श्रीमंती बघून वाहत नाही, म्हणून ही तुलना मला फार मोलाची वाटते.

अडचणी आहेतच. पगारवाढ अंगवळणी पडते, शेजाऱ्याचीही होते, त्यामुळे पैशाचा समाधानावरचा परिणाम क्षीण दिसतो आणि आवाजाचा भाव फुगतो. शिवाय गरिबाला थोड्या पैशांनीही मोठा आधार मिळतो, म्हणून पैशात मोजताना त्याचा त्रास पुन्हा स्वस्त ठरतो.

ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ च्या मार्गदर्शिकेत यावर उपाय केला: शून्य ते दहाच्या मापावर एका माणसाचं समाधान वर्षभर एका गुणाने वाढलं, तर त्याचं मोल २०१९ च्या किमतींनुसार १३,००० पौंड धरायचं. माणूस बंगल्यातला असो वा एका खोलीतला, आकडा तोच.