ठिपके तेच, शब्द दोन: स्टिपलिंग आणि पॉइंटिलिझम

ठिपक्यांनी काढलेल्या कुठल्याही चित्राला ‘पॉइंटिलिझम’ म्हणण्याची सवय पडली आहे. काळ्या शाईतल्या शंखाच्या चित्राला मात्र तो शब्द चालत नाही. ते स्टिपलिंग. डच भाषेत ‘स्टिप’ म्हणजे ठिपका, त्यावरून हा शब्द आला.

पॉइंटिलिझममध्ये शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवतात. मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याचं. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांचं ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं चित्र १८८६ साली पॅरिसमध्ये मांडलं गेलं. सुमारे २ मीटर उंच, ३ मीटर रुंद. १ मिलिमीटरचे ठिपके साधारण साडेतीन मीटरवरून एकजीव होतात, म्हणून असं चित्र लांबून बघायचं. गंमत अशी, की निळा आणि पिवळा रंग पॅलेटवर कालवला तर हिरवा होतो. त्यांच्याच बारीक ठिपक्यांतून डोळ्याला दिसतो राखाडीकडे झुकणारा रंग. इथे रंगद्रव्यं मिसळत नाहीत, त्यांच्यावरून आलेल्या प्रकाशाची सरासरी होते.

स्टिपलिंगमध्ये रंग एकच. दाट ठिपके म्हणजे सावली, विरळ म्हणजे उजेड. ठिपका पाव मिलिमीटरचा धरला, तर १ चौरस सेंटिमीटरमध्ये १० टक्के काळेपणा आणायला जवळजवळ २०० ठिपके लागतात. वनस्पती आणि कीटकांच्या शास्त्रीय चित्रांत हीच पद्धत चालते, कारण छापताना कागदावर शाई असते किंवा नसते. फिकी शाई असा प्रकार नाही.

शंख काढताना आधी पेन्सिलीने हलकी बाह्यरेषा आणि सावलीची हद्द आखा. गुळगुळीत, जाड कागद घ्या. खरखरीत कागदात शाई तंतूंतून पसरते. पेन अगदी उभं धरा. तिरकं धरलं की ठिपक्याला शेपूट फुटते आणि स्वल्पविराम उमटतो. सगळ्यात गडद कडेपासून सुरुवात करून उजेडाकडे विरळ होत जा. चकाकीची जागा कोरी सोडा. हात एका लयीत चालला की ठिपके ओळीत पडतात आणि शंखावर नसलेल्या रेघा दिसू लागतात. म्हणून अधूनमधून कागद फिरवा. शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिल खोडा.

चित्र लहान करून छापायचं असेल तर सावलीतही ठिपक्यांमध्ये फट ठेवा. नाहीतर आकार निम्मा झाल्यावर त्या फटी बुजतात आणि शंखाच्या वळणाऐवजी काळा डाग छापून येतो.