धूर सीलचा, दम व्हॉल्व्हचा

"हेडचं काम करून घेतलं, तरी धूर मारतेच की!" बेळगाव-खानापूर भागातल्या गॅरेजसमोर हे वाक्य मीही म्हटलेले आहे. माझी १०० सीसीची जुनी गाडी, केए २२ पासिंगची. सकाळी स्टार्ट केली की निळ्या धुराचा लोट. मेस्त्रीने हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवले, व्हॉल्व्ह घासून बसवले, पैसे घेतले. पिकप सुधारला, धूर जिथल्या तिथे. मेस्त्रीला बोल लावत होतो, पण 'हेडचं काम' म्हणजे नेमके काय करायचे हे मी विचारलेच नव्हते. त्या एका नावाखाली आपल्याकडे दोन कामे खपतात: व्हॉल्व्ह घासणे आणि व्हॉल्व्हचे सील बदलणे.

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी किंवा जळका वायू बाहेर सोडणारी झडप. दिसतो छोट्या छत्रीसारखा. लांब दांडी आणि टोकाला पसरट तोंड. दांडी गाईड नावाच्या नळीतून वरखाली होते, आणि गाईडच्या वर हेडमध्ये ऑइल उडत असते. ते ऑइल दांडीवरून खाली ओघळू नये म्हणून गाईडच्या डोक्यावर रबराची एक टोपी बसते, ते व्हॉल्व्ह सील. घासायचा भाग बरोबर दुसऱ्या टोकाला असतो. छत्रीची कड हेडमधल्या सीटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर, बहुधा ४५ अंशात टेकते. तिथे फट राहिली की दाब निसटतो. म्हणजे सील ऑइल अडवते आणि सीट दाब अडवते. एक दुरुस्त केल्याने दुसरे सुधारत नाही.

दोन्हीची लक्षणे ओळखायला आपल्याला घाट आहेत, हे नशीब. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरवर सोडा. थ्रॉटल बंद असताना इनटेकच्या (हवा आत यायच्या) वाटेत जोरदार ओढ तयार होते आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत खेचले जाते. खाली सपाटीला थ्रॉटल पिळलात की मागे निळा ढग निघतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी थोडा वेळ निळा धूर मारून गप्प बसणे, हीही सीलचीच खूण. (खानापूरच्या पावसाळी सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, ती पाण्याची. तिला घाबरून हेड उघडू नका.) उलट तवंदी घाट चढताना जोर लावला असता सतत निळा धूर येत असेल, तर संशय पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, म्हणजे पिस्टन रिंगवर घ्यावा.

व्हॉल्व्ह गळत असेल तर धूर दिसेलच असे नाही. किक पोकळ लागते, आयडल टिकत नाही, सायलेन्सरमध्ये फटफट होते, चढाला दम राहत नाही. अशा वेळी आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात ठेवलेली बारीक फट, बघा. ही फट (क्लिअरन्स) फारच कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि लक्षणे हुबेहूब हीच दिसतात. पंधरा मिनिटांच्या कामासाठी हेड उतरवलेले मी पाहिले आहे. टॅपेट बरोबर असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढले तर रिंग, तसेच राहिले तर बहुधा व्हॉल्व्ह.

घरी घासायचे असेल तर हेड खाली काढावेच लागते. व्हॉल्व्ह ज्याचा त्याच्याच सीटवर. कडेला व्हॉल्व्ह पेस्टचे बारीक ठिपके लावायचे, दांडीला मात्र एक कणही लागू द्यायचा नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवलेली सक्शन कपची काठी तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी मागेपुढे फिरवायची. मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवायचा. सगळीकडे सलग राखाडी पट्टी उमटली की थांबा. आणखी घासून सीट रुंद होते, फायदा काही नाही. ड्रिल मशीन लावण्याचा मोह टाळा. सीटला खड्डे पडले असतील तर हाताने घासून ते जात नाहीत, सीट कटिंगच हवे. काही महागड्या गाड्यांत टायटॅनियमचे, लेप दिलेले व्हॉल्व्ह असतात, ते तर घासायचेच नाहीत. शेवटी पेस्ट धुऊन काढा, व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) थोडे रॉकेल ओता. खाली पाझरले नाही तर जमले.

सीलचे काम तुलनेने किरकोळ, आणि काही इंजिनांत हेड न काढताही होते. प्लगच्या भोकातून नायलॉनची स्वच्छ दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचे आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन वर आणायचा. दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते, मग स्प्रिंग दाबून तिला दांडीवर धरून ठेवणारे छोटे लॉक काढता येतात. आधी टायमिंग चेनच्या पोकळीवर कापड कोंबा, लॉक आत पडले तर दिवस गेला. नवे सील ऑइल लावून सरळ दाबायचे. दांडीच्या खाचेवर टेप गुंडाळली की सीलचा ओठ फाटत नाही. दोन्ही कामे असतील तर आधी घासणे, मग धुणे, शेवटी नवे सील. जुने सील परत घालणे ही मला न कळणारी काटकसर आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. व्हॉल्व्ह थोडा उचलून आडवा हलवा. खडखड वाजला तर गाईड झिजले आहे, त्यावर घातलेले नवे सील लवकरच पुन्हा गळू लागते. हे घरचे काम नव्हे, हेड उचलून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपला न्या. गाईड बदलले की दांडीची मध्यरेषा सरकते, म्हणून सीट पुन्हा कापून व्हॉल्व्ह परत घासावा लागतो.

माझे गाईड शाबूत निघाले. सीलची जोडी घातली आणि पुढच्या रविवारी चोर्ला उतरलो. सपाटीला थ्रॉटल पिळताना मागे बसलेल्या भावाला वळून बघायला सांगितले. "काही नाही, पुढं बघून चालव," म्हणाला.