क्रूसावरचा देह: क्रूसमूर्तीची पार्श्वभूमी

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ नुसता क्रूस नसतो, त्यावर खिळलेल्या येशूचा देहही असतो. ही क्रूसमूर्ती इतकी ओळखीची झाली आहे की ती अगदी सुरुवातीपासून असणार असं वाटतं. पण पहिली चारेक शतकं ख्रिस्ती लोकांनी ती जवळजवळ घडवलीच नाही.

रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने ६,००० माणसं क्रूसावर चढवली गेली. असं मरण ज्याला आलं तो देव कसा, असा लोकांचा सवाल होता. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर, भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेलं एक चित्र सापडलं आहे. त्यात क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे, समोर हात उंचावलेला भक्त, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो असा टोमणा. येशूच्या क्रूसाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि तेही टवाळीचं! ख्रिस्ती लोक स्वतः मात्र भुयारी दफनभूमीत मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ अशी चित्रं काढत.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला आश्रय दिला आणि क्रूसाची शिक्षाही बंद झाली. त्यानंतर हळूहळू ते दृश्य कोरायचा धीर आला. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, इ.स. ४३० च्या सुमाराची एक छोटी चौकट आहे. तीत येशू दोन चोरांच्या मध्ये हात पसरून उभा आहे. त्याचे डोळे उघडे आहेत, मागचा क्रूस जेमतेम दिसतो. पुढेही बराच काळ असाच येशू घडवला गेला, क्रूसावर असूनही मरणाला जिंकलेला राजा.

खरा बदल जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलमध्ये दिसतो. इ.स. ९७० च्या सुमारास आर्चबिशप गेरोच्या काळात ओक लाकडात घडवलेली तिथली मूर्ती पुरुषभर उंचीची आहे. तिचे डोळे मिटलेले, मान छातीवर कललेली, पोट पुढे आलेलं. इथे येशू मेलेला आहे, आणि कलाकाराने ते लपवलेलं नाही. पुढे तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या दुःखाचं मनन घरोघरी पोहोचवलं. तोवर उघड्या डोळ्यांचा राजा इटलीतही मागे पडत चालला होता.

या प्रतिमेचा आध्यात्मिक अर्थ मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो आल्सेसमधल्या इझेनहाइमच्या वेदीचित्रात. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने ते १५१२ ते १५१६ या काळात संत अँथनीच्या मठासाठी रंगवलं. मठाच्या इस्पितळात बुरशी लागलेल्या राय धान्याच्या विषाने आजारी पडलेले लोक येत. त्यांचं अंग भाजल्यासारखं जळे, हातपाय सडत. चित्रातल्या येशूची कातडी हिरवट पडली आहे, अंगभर फोड आणि रुतलेले काटे आहेत, बोटं वेदनेने ताणली आहेत. रुग्णांना त्या चित्रासमोर आणत. त्यांच्या कातडीवर जे होतं तेच देवाच्या कातडीवर होतं. ‘देव माणसाच्या वेदनेत उतरला’ हे वाक्य प्रवचनात शंभरदा ऐकलं तरी असं डोळ्यांत भरत नाही.

आपल्याकडचा धागाही रोगराईशीच जुळतो. मुंबईत वांद्र्यासारख्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. या दगडी क्रूसांवर बहुधा देह नसतो, पण अनेकांवर खिळे, हातोडा, शिडी अशी त्या मरणाची हत्यारं कोरलेली असतात.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी चर्चमधून मूर्ती काढून टाकल्या गेल्या. त्यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये भूमिका मांडली: मूर्तीला दिलेला मान लाकडाला नव्हे, तिच्यात दाखवलेल्या व्यक्तीला पोहोचतो.

येशू मरणातून उठला, मग त्याला क्रूसावरच का ठेवता, हा प्रश्न आजही विचारला जातो. शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू आपला शिष्य थोमा याला आपल्या हातांच्या जखमा दाखवतो. पुनरुत्थानाने त्या पुसल्या गेल्या नाहीत. शिवाय कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, हा नवा बळी नव्हे, येशूला जिथे क्रूसावर चढवलं त्या कालवारी टेकडीवरचं तेच अर्पण वेदीवर पुन्हा समोर येतं. म्हणून मिस्साच्या वेळी वेदीवर किंवा वेदीजवळ देहासह क्रूस असावा असा नियम आहे, आणि मिस्सा नसतानाही तो तिथेच असणं योग्य मानलं जातं.