वस्तुमान आणि वजन

वस्तूत द्रव्य किती आहे हे वस्तुमान सांगते. त्या द्रव्याला पृथ्वी किती जोराने स्वतःकडे ओढते, हे वजन सांगते. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात. जागा बदलली म्हणून ते बदलत नाही. वजन हे बल असल्यामुळे त्याचे एकक न्यूटन आहे आणि त्याला दिशाही असते. वस्तुमानाला त्या ठिकाणच्या गुरुत्व त्वरणाने (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो, त्याने) गुणले की वजन मिळते. मुंबईत हे त्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणून ६० किलोग्रॅमच्या माणसाचे तिथले वजन सुमारे ५८७ न्यूटन भरते.

बोलताना आपण ‘दोन किलो वजनाचा कोबी’ म्हणतो, तेव्हा अभिप्रेत असते ते वस्तुमान. रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण भौतिकीच्या पहिल्याच धड्यात मुले इथे अडखळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. भाषेने एकाच शब्दावर दोन कामे सोपवली आहेत.

वजन जागेनुसार बदलते हे माणसाला तराजूने नव्हे, घड्याळाने सांगितले. १६७२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने झां रिशे या खगोलनिरीक्षकाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन येथे पाठवले. हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला आहे. पॅरिसला अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. सेकंदाचा ठोका जुळवण्यासाठी रिशेला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. उष्णतेने लंबकाची दांडी लांबली असावी, अशी शंका घेतली गेली; पण उष्णतेने होणारी वाढ एवढी नसते, हे न्यूटनने दाखवले. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याने खरे कारण मांडले : पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळे विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथला पृष्ठभाग केंद्रापासून ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटर दूर आहे. शिवाय फिरण्यामुळे ओढीचा थोडा भाग वस्तूला वर्तुळात फिरते ठेवण्यात खर्ची पडतो. या दोन्हींमुळे गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ भरते. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण ओढ कमी झाली की लंबक संथ झुलतो, म्हणून त्याला तो कळला.

रिशेने सोबत दोन पारड्यांचा तराजू नेला असता, तर त्याला काहीच आढळले नसते. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनमाप. ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच कमी होते आणि दांडी आडवीच राहते. म्हणजे ज्याला आपण ‘वजन करणे’ म्हणतो, त्यात तराजू प्रत्यक्षात दोन वस्तुमानांची तुलना करत असतो. चंद्रावरही तो किलोला किलोच दाखवील. ताणकाट्याचे तसे नाही. त्यातली स्प्रिंग बलाने ताणली जाते, म्हणून तो खरेखुरे वजन मोजतो; तबकडीवर आकडे मात्र किलोचे छापलेले असतात.

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही ताणकाट्याच्याच कुळातला. पारड्याखालच्या धातूच्या तुकड्याला बलाने किंचित बाक येतो आणि त्यावरून आकडा ठरतो. उत्तर युरोपात, समजा ऑस्लोत, जुळवलेला असा काटा तसाच मुंबईच्या सराफाकडे आणला, तर १०० ग्रॅम सोने तो सुमारे एक तृतीयांश ग्रॅमने कमी दाखवील. सोन्याच्या भावात ही रक्कम लहान नाही. म्हणूनच अचूक काटा जिथे वापरायचा, तिथेच प्रमाणित वजनमाप ठेवून जुळवून घ्यावा लागतो.

उंचीचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्याहून कितीतरी कमी असतो. कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटरवर, ६० किलोच्या माणसाचे वजन समुद्रकिनाऱ्यापेक्षा जेमतेम वीस-तीस ग्रॅमच्या ओढीइतके घटते. चंद्रावर गोष्ट वेगळी. तिथले त्वरण १.६२ असल्याने तोच माणूस ९७ न्यूटनचा, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे एक षष्ठांश वजनाचा होतो. मंगळावर त्याचे वजन सुमारे २२३ न्यूटन असेल. अंगातले द्रव्य तिन्ही ठिकाणी तेवढेच, ६० किलोग्रॅम.

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’ हा समज फार पक्का बसला आहे, म्हणून त्याबद्दल नीट सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. ती नसती तर स्थानक कक्षेत राहिलेच नसते, सरळ निघून गेले असते. स्थानक, त्यातला माणूस आणि त्याच्या पायाखालचा काटा हे सारे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात. काट्यावर दाब पडणार कसा? म्हणून तो शून्य दाखवतो.

पण वस्तुमान तिथेही आपली खूण दाखवतेच. तरंगती जड पेटी उचलण्याचे कष्ट नाहीत, तरी ती ढकलायला जोर लागतो आणि सुटली की थांबवायलाही तेवढाच लागतो. हे जडत्व. अंतराळवीरांचे ‘वजन’ याच गुणावर करतात. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर त्यासाठी स्प्रिंगला जोडलेले आसन होते. अंतराळवीर त्यात अंग चोरून बसे, आसन मागेपुढे हेलकावे आणि एका हेलकाव्याला लागलेल्या वेळावरून वस्तुमान काढले जाई. वस्तुमान जास्त, तर हेलकावा संथ. इथे गुरुत्वाकर्षणाचा संबंधच येत नाही.

ढकलताना जाणवणारे वस्तुमान आणि पृथ्वी ज्याला ओढते ते वस्तुमान एकच का असावे, हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. ते एकच असल्यामुळे हलकी आणि जड वस्तू सारख्याच वेगाने पडतात. १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेचा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. हवा नसल्याने दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले. आइन्स्टाइनने आपला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत याच समानतेवर उभारला.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर आधारलेली आहे. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या किबल तराजूत वस्तूचे वजन विद्युतचुंबकीय बलाने तोलतात. त्या वजनावरून वस्तुमान काढायचे तर प्रयोगशाळेच्या नेमक्या त्या जागेवरचे गुरुत्व त्वरण माहीत हवे. म्हणून तिथे निर्वात नळीत आरसा खाली सोडून, त्याचे पडणे लेसरने मोजून, ते आधी काढून घेतात.